निर्णय एकाचा, नुकसान दुसऱ्याचे



७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. तवंग उरण-अलिबागकडच्या तिवरांपर्यंत पोहोचला. मासळी घ्यायला गिऱ्हाईक धजेना.

याला आपण अपघात म्हणतो. पण अपघात कुठे संपतो आणि अन्याय कुठे सुरू होतो? धोका पत्करणे मुळात वाईट नाही. होडी लोटणारा कोळी रोजच तो पत्करतो, पण स्वतःच्या जिवावर. जहाजाच्या तेलाबाबत मात्र निर्णय घेणारा एक असतो आणि भोगणारा दुसरा.

‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मान्य केले. ते न्याय्यच आहे. पण तेवढे पुरते का? ४ ऑगस्ट २०११ रोजी कोळसा नेणारे ‘रॅक’ जहाज मुंबईजवळ बुडाले आणि त्यातले इंधन गळू लागले. जहाज प्रवासाला योग्यच नव्हते, असे ठरवून राष्ट्रीय हरित लवादाने १०० कोटींची भरपाई लावली, ती २०१६ साली. पाच वर्षे घरची चूल थांबते का? आणि तिवरांचे काय? त्यांची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात. त्यांवर तेल बसले की झाड गुदमरते. चिखलात मुरलेले तेल वर्षानुवर्षे राहते. कोळंबी आणि चिंबोरीची पिल्ले तिथेच वाढतात. गेलेली खाडी पैशाने विकत मिळत नाही.

संत थॉमस अक्विनास यांनी दूरदृष्टीला विवेकाचा भाग मानले आहे. विवेकी माणूस आधी पाहतो. तेलगळतीसाठी आपल्या देशात राष्ट्रीय आराखडा आहे आणि त्याची धुरा तटरक्षक दलाकडे आहे. परंतु तेल अडवणारे तरंगते अडथळे एकाच वेळी सगळ्या खाड्यांना पुरत नाहीत. आधी काय वाचवायचे, जेटी की तिवर, हे अगोदरच ठरवावे लागते. ही यादी तज्ज्ञ करतील. मात्र कुणाच्या पोटाला किती किंमत, हेही त्यात ठरते. म्हणून ती करताना भोगणाऱ्यालाही बसायला जागा हवी.

आपल्या मच्छीमार सोसायटीने आणि ग्रामसभेने जिल्हा प्रशासनाला एवढेच विचारावे: त्या यादीत आमची खाडी कितवी आहे, आणि ते कुणी ठरवले? तेल किनाऱ्याला लागल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नाही. आजच विचारूया.