नाव कोणत्या दिशेला उलटली?

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, क्वीन्सलंडमधल्या केप यॉर्क द्वीपकल्पावर, होपव्हेल नावाचं एक गाव आहे. तिथल्या मूलनिवासींची भाषा गुगू यिमिदिर. 1770 साली कॅप्टन कुकचं ‘एन्डेव्हर’ जहाज प्रवाळाच्या खडकावर आपटलं, तेव्हा दुरुस्तीसाठी ते याच लोकांच्या किनाऱ्याला लागलं होतं. ‘कांगारू’ हा शब्द जगाला मिळाला तो इथूनच.

या गावात जॅक बाम्बी नावाचे एक वृद्ध गृहस्थ होते. गोष्ट सांगावी तर जॅकनीच, अशी त्यांची ख्याती. त्यांची एक गोष्ट त्यांच्या स्वतःवरच बेतलेली होती. ते आणि एक वयस्क सोबती गावातल्या ख्रिस्ती मिशनचं सामान घेऊन नावेतून निघाले होते. समुद्र खवळला, नाव उलटली आणि दोघेही पाण्यात पडले. त्या पाण्यात शार्क माशांचा वावर. तरीही दोघं पोहत राहिले आणि जिवंत किनाऱ्याला लागले.

1980 साली जॉन हॅव्हिलंड या भाषाशास्त्रज्ञाने ही गोष्ट जॅक यांच्या तोंडून ऐकून चित्रित केली. सांगताना जॅक पश्चिमेकडे तोंड करून बसले होते. नाव उलटण्याचा प्रसंग आला, तसे त्यांचे हात छातीपासून पुढे गोल फिरले. नाव अशी उलटली!

दोनेक वर्षांनी स्टीफन लेव्हिन्सन हा दुसरा अभ्यासक तिथे गेला. त्यानेही जॅकना हीच गोष्ट सांगायला लावली आणि तीही चित्रित झाली. या वेळी जॅक उत्तरेकडे तोंड करून बसले होते. पुन्हा तीच नाव, तेच वादळ. पण नाव उलटताना त्यांचे हात पुढे गेलेच नाहीत. ते उजवीकडून डावीकडे फिरले.

वरवर पाहणारा म्हणेल, वय झालं, तपशील इकडचे तिकडे व्हायचेच. पण जरा दिशा जुळवून पाहा. पश्चिमेकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या पुढ्यात पश्चिम असते. उत्तरेकडे तोंड केलं, की पूर्व उजव्या हाताला येते आणि पश्चिम डाव्या. म्हणजे दोन्ही वेळा जॅक यांच्या हातांनी एकच गोष्ट सांगितली होती: नाव पूर्वेकडून पश्चिमेला उलटली. दोनेक वर्षं लोटली, बसण्याची जागा बदलली, तोंड फिरलं, पण नाव होती तिथेच राहिली.

जीव वाचवायची धडपड चाललेली असताना दिशा कोण लक्षात ठेवतं? जॅकनीही ती मुद्दाम ठेवली नव्हती. त्यांच्या भाषेने ती आपोआप ठेवून घेतली होती.

जुन्या रीतीने गुगू यिमिदिर बोलणारा माणूस एखादी वस्तू कुठे आहे हे सांगताना ‘तुझ्या डावीकडे’ किंवा ‘माझ्या पुढ्यात’ असं म्हणत नाही. डाव्या-उजव्या हाताला शब्द आहेत, पण ते हातापुरतेच. जागा सांगायची, तर चार दिशा: उत्तरेला गुंगा, दक्षिणेला जिबा, पूर्वेला नागा, पश्चिमेला गुवा. शेजारच्याला सरकायला सांगायचं तर ‘जरा पूर्वेला सरक’. पायाजवळ मुंगी आली तर ‘पायाच्या उत्तरेला मुंगी आहे’. अशी भाषा बोलायची, तर दिवसा-रात्री, घरात-रानात आपलं तोंड कुठे आहे याचं भान सुटून चालत नाही. ते सुटलं, की साधं वाक्यही पुरं होत नाही. मूल बोलायला शिकतं, तेव्हाच हे भानही शिकतं. लेव्हिन्सनने तिथल्या पुरुषांना रानात नेऊन, नजरेच्या पार पलीकडे असलेली ठिकाणं हाताने दाखवायला सांगितली, तेव्हा त्यांची सरासरी चूक 14 अंशांच्या आतच राहिली.

हे काही जन्माने मिळालेलं देणं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, या लोकांना सक्तीने दक्षिणेला दूरवर वूराबिंडाला हलवलं गेलं. तिथे कित्येक जण दगावले. युद्धानंतर उरलेले लोक परतले. पुढे मुलांच्या कानांवर इंग्रजी जास्त पडू लागली, तशी बोलण्यातली ती जुनी रीत मागे पडत गेली आणि तिच्याबरोबर ते भानही.

आपल्यालाही हे परकं नाही. जमिनीच्या खरेदीखतात आजही चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस ओढा. खेड्यातली जाणती माणसं अजूनही ‘विहिरीच्या उगवतीला’, ‘बांधाच्या मावळतीला’ असं सहज बोलतात. त्यांच्या घरातल्या पोराला उगवत-मावळत शिकवावी लागत नाही. ‘लेफ्ट घे, राइट घे’ एवढंच ऐकत वाढलेल्या मुलाला मात्र पूर्व कुठे ते थांबून आठवावं लागतं. त्याची बुद्धी काही कमी नाही. त्याला तसं कुणी बोलायला लावलेलं नसतं, इतकंच.

म्हणून भाषा विचारांना कुलूप लावते असं म्हणणं चुकीचं आहे. जे एका भाषेत सुचतं, ते दुसऱ्या भाषेतल्या माणसालाही समजावून सांगता येतं. हा लेखच त्याची साक्ष आहे. मात्र कशाकडे रोज बघायचं आणि कशाकडे नाही, ही सवय भाषाच लावते. आणि हा नियम दिशांपुरता थांबत नाही. ज्या घरात नव्या माणसाबद्दल पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’ असा निघतो, त्या घरातल्या मुलाची नजर आयुष्यभर आधी आडनावावर जाते. जिथे पाहुणा गेल्यावर ‘किती कमावतो?’ याचीच चर्चा होते, तिथलं मूल माणसाआधी त्याचा खिसा बघतं. आणि ज्या घरात ‘दमून आला असेल, आधी पाणी द्या’ हे वाक्य रोज उच्चारलं जातं, तिथल्या मुलाला समोरच्याचा थकवा न सांगता कळतो.

तात्पर्य : जे रोज बोलावं लागतं, तेच डोळ्यांना आधी दिसू लागतं. म्हणून मुलांची नजर घडवायची असेल, तर मोठ्यांनी आधी आपलं बोलणं घडवावं.