जत्रेत चित्रकाराची जागा

फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव भरला की जहांगीर आर्ट गॅलरीसमोरचा रस्ता माणसांनी फुलून जातो. १९९९ पासून चालत आलेल्या या महोत्सवाने एक मोठं काम केलं आहे. गॅलरीची पायरी कधी न चढलेल्यांना त्याने चित्र-शिल्पाजवळ आणून उभं केलं. आता शहराशहरांत, अगदी गृहसंकुलांच्या आवारातही ‘आर्ट फेअर’ भरतात. ते भरावेत असं मनापासून वाटतं, म्हणूनच तिथल्या स्टॉलवर काय मांडलंय हे कठोरपणे पाहायला हवं.

अशा जत्रेत वारली चित्रं हमखास दिसतात: कपांवर, की-चेनवर, कुर्त्याच्या पाठीवर. वारली चित्रकार मात्र क्वचितच भेटतो. डहाणू-तलासरी भागात हे चित्र मुळात लग्नघराच्या भिंतीवरचं. शेणाने सारवून गेरू दिलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चेचलेली बांबूची काडी. सवासिणी चौक लिहितात, चौकात पालघाट देवी असते. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी सत्तरच्या दशकात ही कला कागदावर, कापडावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मासेमारीच्या जाळ्याचं त्यांचं चित्र आठवून पाहा. बारीक बारीक रेघांनी विणलेलं जाळं सगळी चौकट व्यापतं आणि त्याच्यापुढे कोळी अगदी एवढासा. ती बैठक, तो धीर कपावरच्या छाप्यात उतरत नाही.

हे असं होतं, त्याचं मूळ मला स्टॉलच्या भाड्यात दिसतं. भाडं आगाऊ भरायचं, वर गाडीभाडं आणि राहण्याचा खर्च. एका चित्रावर आठवडा घालवणाऱ्याला दोन दिवसांत एवढी वसुली कुठून व्हायची? घाऊक माल आणून विकणाऱ्याला मात्र ती सहज जमते. मग चित्रकार एक तर येतच नाही, किंवा आलाच तर मूळ काम घरी ठेवून फ्रिजवर चिकटवायचे चुंबक घेऊन येतो. ‘स्थानिक कलावंतांना व्यासपीठ’ असं फलकावर लिहिणाऱ्या आयोजकाने, ते व्यासपीठ परवडतं कोणाला हेही तपासायला नको का?

यावर आयोजक सांगतात, लोक शंभर-दोनशेच्या वर जात नाहीत. खरं आहे, पण अर्धंच. छापील आणि हाताने काढलेलं शेजारी शेजारी, नावगाव न लिहिता मांडलं, तर गिऱ्हाइकाने फरक ओळखायचा कशावरून? तेच चित्रकाराला समोर बसून काम करू द्या. एक रेघ ओढून तो थांबतो, काडी पुन्हा रंगात बुडवतो, माणसं नकळत रेंगाळतात. भाव विचारतानाचा त्यांचा सूर तिथे वेगळा असतो. घासाघीस पुरती थांबत नाही, पण निदान कशाची किंमत विचारतोय हे विचारणाऱ्याला कळतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की निम्मे स्टॉल स्वतःच्या हाताने काम करणाऱ्यांसाठी राखावेत. त्यांच्याकडून आगाऊ भाडं न घेता विक्रीतला ठरावीक वाटा घ्यावा, म्हणजे चित्र खपलं नाही तर नुकसान एकट्या चित्रकाराच्या माथी बसणार नाही. प्रत्येक कामाखाली करणाऱ्याचं नाव आणि गाव असावं. उरलेला खर्च प्रायोजकांनी उचलावा. मंचाची सजावट आणि ध्वनियंत्रणा यांना त्यांचा पैसा आजही मिळतोच.