जुनी वस्तू आणि जुने खोटे

दिवाळीच्या साफसफाईत आईचे शिवणयंत्र माळ्यावरून खाली आले. पत्नी म्हणाली, "ठेवून काय करायचे? मोबाईलवर टाका, दोन दिवसांत गिऱ्हाईक येईल." मी फोटो काढला आणि खाली लिहिले, 'उत्तम स्थितीत'. यंत्र मध्येच टाका सोडते, हे मला ठाऊक होते. पण ते लिहायला बोट धजले नाही.

संध्याकाळी एका मुलीचा फोन आला. "काका, शिवण शिकतेय, पहिलंच मशीन घेतेय. चांगलं चालतं ना?"

"चालते," मी म्हणालो.

रात्री झोप लागेना. या बाजाराचा आरंभ किती सरळ होता! १९९५ साली अमेरिकेत पिएर ओमिड्यार यांनी संगणकावर लिलाव मांडला. तोच पुढे 'ईबे' झाला. तेथे प्रथम विकला गेला तो एक मोडका लेसर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटना. "हा मोडका आहे, कळले ना?" असे त्यांनी घेणाऱ्याला विचारले. तो म्हणाला, "मी मोडकेच जमवतो!"

आज मात्र गृहस्थाच्या नावाआड दलाल बसलेला असतो. पैसे देतो म्हणून आपलाच पिन टाकायला सांगणारे भामटे भेटतात. वास्तविक पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातही फसवणूक होई. पण तेथे वस्तू हाताने ठोकून पाहता येई, आणि विकणाऱ्याचा चेहरा लक्षात राही.

बाजार असा का नासतो, हे जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने सांगितले. वस्तूतली खोड विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा बेताचीच किंमत देऊ करतो. ती चांगल्या मोटारीच्या मालकाला परवडत नाही. तो उठून जातो. मागे रद्दी उरते, किंमत आणखी उतरते. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, दोघांसह विभागून.

मला वाटते, हा बाजार केवळ भामट्यांनी बुडवलेला नाही. माझ्यासारख्या सभ्य माणसांच्या 'उत्तम स्थितीत' या दोन शब्दांचाही त्यात वाटा आहे. वर्गात नक्कल करणाऱ्या पोराला मी उभा करतो. मग ज्याला ठाऊक आहे त्याने गप्प राहणे, याला काय म्हणावे? ज्याच्याजवळ जाण, त्याच्याचकडे ऋण.

सकाळी मी तिला फोन करून खोड सांगितली. ती हसली. "ते दुरुस्त होतं हो काका. पाचशे कमी करा." मी केले. यंत्र गेले.

पण फोनवर मी म्हणालो होतो, "रात्रीच लक्षात आले." तेवढे खोटे अजून घरात पडून आहे. त्याला गिऱ्हाईक नाही.