आजारी लेंकराशीं कसें बोलावें?

(वाचन: मार्क ५:२१-४३)



याईराच्या घरीं प्रभु गेला तेव्हां तेथें मोठा आकांत चालला होता. प्रभूनें प्रथम ती गलबल बाहेर काढिली. आईबाप व तीन शिष्य मात्र मुलीजवळ राहूं दिले. मग त्यानें त्या बारा वर्षांच्या मुलीचा हात धरिला आणि तिच्या घरच्याच अरामी भाषेंत तिला हांक मारिली. ती उठल्यावर तिला कांहीं खावयास द्या, हें सांगावयासही तो विसरला नाहीं.

पेण व रोहा या तालुक्यांत फिरणाऱ्या आम्हां सेवकांस यांत धडा आहे. आम्ही आपलाच अपराध सांगतों. एका दवाखान्यांत सुई टोचून घेणाऱ्या मुलाला धीर यावा म्हणून आम्हीं म्हटलें, "कांहीं दुखणार नाहीं." दुखलें. पुढें त्याच्या वाडींत गेलों, तों आम्हांस पाहतांच तो पेंढ्याआड दडला. आमचें बोलणें मायेचें होतें, पण खोटें होतें.

असें दडणें जिवावर बेतूं शकतें. कोंकणांत भातकापणीच्या दिवसांत अशाच पेंढ्याखालीं तांबडा विंचू असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनीं त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा गुण १९८६ सालीं जगापुढें मांडिला. त्यामुळें कित्येक लेंकरें वांचलीं. परंतु औषध वेळेवर मिळालें पाहिजे. विंचू चावल्यावर ओकारी, दरदरून घाम, गार हातपाय हीं लक्षणें दिसेपर्यंतही थांबूं नये, दवाखाना गांठावा. 'रडलास तर डॉक्टर सुई टोचील,' असा धाक ज्याला घरीं मिळाला, तें मूल आपला दंश सांगेल काय?

म्हणून आईबापहो, डॉक्टरांचा बागुलबुवा करूं नका. उपदेशकहो, मुलाजवळ खालीं बसा. कातकरी लेंकराशीं त्याच्या बोलींत बोलणारें कोणी जवळ ठेवा. "थोडें दुखेल, आई जवळ आहे, रडूं आलें तर रड," इतकें खरें सांगा. तान्ह्यास लस टोचतांना आईनें त्याला अंगावर पाजावें. त्यानें वेदना कमी होते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०१५ सालीं तसें सुचविलें आहे.

ज्यानें त्या मुलीचा हात धरिला, तो आमचे हात कोमल व आमची जीभ खरी करो. आमेन.