दळणाविना चक्की

खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटा एकमेकींत बसवून मध्ययुगीन पाणचक्की उभी करण्याचा छंद जगभर अनेक मोठ्या माणसांना आहे. चाक फिरते, आस फिरतो, दातेरी चक्रे एकमेकांत अडकून वरची तळी फिरवतात; पीठ मात्र पडत नाही. मग तिला चक्की म्हणायचे का? प्रश्न पोरकट वाटेल, पण वस्तू तिच्या आकारात असते की तिच्या कामात, हा आपल्या दर्शनांनी शतकानुशतके घासलेला वाद आहे. आणि तो धावड्याच्या माणसाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. भोकरदन तालुक्यातले हे गाव १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होते, आणि त्या जिल्ह्याच्या मुख्य शहरात, खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याच्या आवारात दगडी पाणचक्की आजही उभी आहे.

तिची रचना युरोपातल्या चक्कीहून साधी आणि म्हणूनच जास्त विचार करायला लावणारी आहे. तिकडच्या नेहमीच्या नमुन्यात चाक उभे असते; त्याच्या आडव्या आसाची गती दातेरी चक्रांनी वळवून तळीपर्यंत न्यावी लागते. इथे चाकच आडवे आहे. पाण्याचा झोत पात्यांवर आदळतो, उभा लोखंडी दांडा फिरतो आणि त्याच्यासोबत वरची तळी. मधे काहीच नाही. खरी कारागिरी पाण्यात आहे: उत्तरेकडच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून, उताराचा आणि दाबाचा हिशेब ठेवून शहरापर्यंत आणले, उंच भिंतीवर चढवले आणि तिथून खाली सोडले. प्रचलित माहितीप्रमाणे १६९५च्या सुमारास तुर्कताज खान या सरदाराने हे बांधकाम केले. आणि एवढा खटाटोप कशासाठी, तर तकियात उतरणारे फकीर, मुरीद, वाटसरू आणि गोरगरीब यांच्या भाकरीच्या पिठासाठी. शाह मुसाफिर नक्शबंदी सूफी परंपरेचे, बुखाऱ्याकडून आलेले. चक्की बाजारासाठी नव्हती, खानकाहच्या, म्हणजे सूफी मठाच्या, भटारखान्यासाठी होती. हा तपशील मला दांड्याच्या लांबीइतकाच यांत्रिक वाटतो, कारण तो काढला तर दांडा का फिरतो हेच सांगता येत नाही.

सातव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मकीर्ती सत्य वस्तूची कसोटी एका सामर्थ्यात पाहतो: जी काही कार्य घडवू शकते, ती खरी. कसोटी जशीच्या तशी लावली तर विटांची चक्की नापास होते, वाद मिटतो. पण मग दगडी चक्कीचे काय? तिचे चाक आज फिरते ते पाहुण्यांना दाखवायला. त्या पिठावर कुणाचे जेवण अवलंबून नाही. म्हणजे तीही स्वतःची, पूर्ण मापाची प्रतिकृतीच झाली आहे. बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाबद्दल जे दाखवून दिले ते इथे उपयोगी पडते: आस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे रथ नव्हे, सुट्या भागांचा ढीगही रथ नव्हे. प्लास्टिकच्या विटांइतके याचे स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. त्याच विटांचा उद्या किल्ला होतो. माझे म्हणणे असे की चक्की हे नाव भागांना नसून पाणी, दगड आणि खाणारे तोंड यांच्यातल्या नात्याला आहे. पहिली दोन टिकली आणि तिसरे सुटले, तर दगड आणि प्लास्टिक एकाच पंगतीत बसतात.

यावर आक्षेप येईल की असे म्हटले तर आपले अर्धे देवघर खोटे ठरेल. पोळ्याला मातीचे बैल पुजतात. ते कुठे औत ओढतात? आक्षेप वजनदार आहे, पण तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. मातीचा बैल खोटा वाटत नाही, कारण त्याच्यामागे वर्षभर राबणारा बैल आहे आणि त्या दिवशी पुरणपोळी त्याच्याही तोंडात जाते. प्रतिमा ऋणाकडे बोट दाखवते तोवर ती खरी. ऋण विसरून फक्त रंगरंगोटी उरली की ती शोभेची वस्तू. प्राणप्रतिष्ठेशिवाय मूर्तीला देव न मानणाऱ्या परंपरेला हा भेद समजावून सांगावा लागू नये.

दुसरा आक्षेप जास्त नेमका: प्रतिकृती ज्ञान देते, आणि ज्ञान हेही कार्यच. हे मान्य. चाक आडवे ठेवले की दातेरी चक्रे का लागत नाहीत, हे चार पाने वाचण्यापेक्षा एकदा जोडून पाहिल्याने लवकर कळते. धर्मकीर्तीच्या कसोटीवर विटांची चक्की इथे उत्तीर्ण होते. पण ज्ञान कशाचे? फक्त गतीचे असेल तर ते अर्धे आहे. तिसरा आक्षेप इतिहासाचा, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. हे दान निर्मळ नव्हते. सरदारांचा पैसा दख्खनच्या मोहिमांतून येत होता आणि शाह मुसाफिरांचे गुरू बाबा पलंगपोश फौजेबरोबर फिरत असत. खरे आहे. मात्र त्याने भुकेल्याची भाकरी खोटी होत नाही. उलट त्या पिठामागे कुणाची शेते तुडवली गेली, हाही चक्कीचाच तपशील ठरतो.

म्हणून बारकाव्यांचा अभिमान बाळगणाऱ्या रचनाकाराला एकच विनंती. पाणचक्की बांधाल तर झोत, पाती, दांडा आणि तळीवर थांबू नका; शेजारी भटारखाना बांधा, चूल मांडा आणि दाराशी जेवायला थांबलेली माणसे उभी करा. त्यासाठी थोड्या विटा जास्त लागतील.