काम थांबलं, मग भाकरी फुकटची होते का?

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ८ ते १६

मित्रांनो, कर्मयोगाचा अध्याय वाचताना बारावा श्लोक नेहमी टोचतो. देवांनी दिलेलं भोगायचं आणि परत काहीच द्यायचं नाही, असं जो वागतो त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. आठव्या श्लोकात तर म्हणतात, कर्म केलं नाहीस तर शरीराचा निर्वाहसुद्धा चालणार नाही. धडधाकट माणसाला हे शब्द आळसातून उठवतात. पण हेच शब्द अंथरुणाला खिळलेल्या माणसाने वाचले तर?

पडघ्याचं उदाहरण घेऊ. मुंबई–नाशिक महामार्गावरचं, भिवंडी तालुक्यातलं हे गाव आता गोदामांसाठी ओळखलं जातं. आपण रात्री झोपता झोपता फोनवर ऑर्डर टाकतो, त्यातल्या कितीतरी वस्तू या पट्ट्यातल्या कुणाच्या तरी हातातून पुढे जातात. समजा, तिथे पॅकिंगला असलेला एक तरुण आहे. पगार १८,००० रुपये. घरी आई, बायको, लहान मुलगी. खोकला महिनाभर थांबेना, तपासणीत टीबी निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, काम बंद. शेजारी म्हणतो, "अरे, तुझा ईएसआय कापतात ना? मग क्लेम कर, पैसे मिळतील." आणि हा म्हणतो, "गळ्यात माळ आहे माझ्या. काम न करता पैसे घेऊ? फुकटचं खाणं नको."

ऐकायला किती छान वाटतं ना! पण हा वैराग्याचा आवाज आहे की अभिमानाचा, हे तपासायला हवं. कारण त्याच्या या 'नको'ची किंमत तो एकटा मोजणार नाही. आई परत चार घरची धुणीभांडी धरेल. मुलीचं दूध कमी होईल. किंवा तो स्वतःच खोकला दाबत गोदामात जाईल आणि आजार शेजारच्या टेबलावरच्या मुलाला देऊन येईल.

आता पुन्हा गीतेकडे येऊ. भगवंत चोर कुणाला म्हणतात? घेणाऱ्याला नाही. *न देता* घेणाऱ्याला. त्याच्या आधीच्या दोन श्लोकांत सांगितलंय की माणसं आणि यज्ञ एकाच वेळी निर्माण झाले. एकमेकांना पोसा, त्यातच कल्याण आहे. सोळाव्या श्लोकात तर चाकाचीच उपमा आहे. हे चक्र जो फिरवत नाही, त्याचं जगणं व्यर्थ. म्हणजे देणं आणि घेणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. एकाच चाकाचे आरे आहेत ते. कधी आपला आरा वर, कधी खाली.

त्या तरुणाच्या पगाराच्या स्लिपकडे या नजरेने बघा. दर महिन्याला त्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, म्हणजे १८,००० वर १३५ रुपये. मालक ३.२५ टक्के भरतो, म्हणजे ५८५ रुपये. तो धडधाकट होता तेव्हा त्याच्या या १३५ रुपयांतून दुसऱ्या कुणाचं तरी बाळंतपण, कुणाचं तरी ऑपरेशन झालं. त्याला त्यांची नावंही माहीत नाहीत. समिधा टाकत होता तो, न कळत. आज तो आजारी आहे आणि दुसरे टाकतायत. यात चोरी कुठे आली?

ही व्यवस्था आकाशातून पडलेली नाही. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करायचं काम आलं आणि १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. पुढे १९४८ मध्ये राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ती लागू होते. सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवस भरलेले असतील, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या ७० टक्के रक्कम मिळते. आपल्या तरुणाला ती दिवसाला साधारण ४२० रुपये पडेल. टीबीसारख्या दीर्घ आजारांत, नोकरी सलग दोन वर्षांची असेल आणि वर्गणीच्या बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर पुढे ८० टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत. पीएफ कापला जात असेल आणि नोकरीत असताना कायमचं, पूर्ण अपंगत्व आलं, तर एका महिन्याच्या वर्गणीवरही पेन्शनचा हक्क आहे. हे सगळं मागणं म्हणजे हात पसरणं नव्हे.

कुणी म्हणेल, वर्गणी भरलेल्याचं ठीक. पण भिवंडीत यंत्रमागावर नगावर काम करणारा, नाक्यावरचा हमाल, ज्याच्या नावावर कधी रुपया भरला गेला नाही, त्याचं काय? त्याने तर काही 'दिलं' नाही.

दिलं नाही कसं? वीस वर्षं विणलेलं कापड काय होतं मग? त्याच्यासाठी तहसील कचेरीतून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, महिना १,५०० रुपये. दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये ती २,५०० केली. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,०००. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असताना पोषणासाठी महिना १,००० रुपये वेगळे मिळतात. आणि हे दानच मानलं, तरी सतराव्या अध्यायात सात्त्विक दान कुठलं म्हटलंय? ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही, त्याला कर्तव्य म्हणून दिलेलं. घेणाराच नसेल तर असं दान घडणार कसं?

आपल्या संतपरंपरेत तेरच्या गोरोबाकाकांची कथा आहे. हात गेले, चाक थांबलं, घरात खायचे वांधे झाले. तेव्हा पांडुरंग विठू कुंभार होऊन त्यांच्या घरी राबला, मडकी घडवली. गोरोबाकाकांच्या घराने ती भाकरी नाकारली नाही. काकांची भक्ती त्यामुळे उणी झाली, असं कुठला वारकरी म्हणेल?

अलीकडचं उदाहरण सेवाग्रामचं. गांधीजींनी शरीरश्रम हे व्रत मानलं होतं. श्रमाशिवाय खाणं ही चोरी, हे ते गीतेच्या याच अध्यायाच्या आधारे सांगत. त्याच आश्रमात कुष्ठरोगी परचुरे शास्त्री आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने मालिश केलं. आधी श्रम करा, मग जेवा, असं त्यांना कुणी सांगितलं नाही. श्रमाचा नियम आळसावर होता, दुखण्यावर नव्हता.

मग बाराव्या श्लोकातला चोर आज कोण? दोन जण दिसतात. एक, जो खोटा दाखला काढून पैसे घेतो आणि दुसरीकडे कामाला जातो. दुसरा, जो मजुराच्या पगारातून वर्गणी कापतो आणि भरतच नाही. दुसऱ्याकडे आपलं लक्ष कमी जातं.

आणि आजारी माणसाने चक्र फिरवायचं कसं? गोळ्या मध्येच न सोडता कोर्स पूर्ण करणं, हे आत्ता त्याचं कर्म आहे. डॉक्टरांना खरं सांगणं हे कर्म आहे. बरं वाटल्यावर कामावर परतणं, आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याचा फॉर्म भरून देणं हेसुद्धा. ज्याचं शरीर कधीच परतणार नाही, त्याच्याकडून भगवंत त्याच्या शक्तीबाहेरचं मागत नाहीत. स्वधर्म आपल्या ऐपतीएवढाच असतो.

मंडळी, तुमच्यापैकी कितीतरी जण एचआरमध्ये, अकाउंट्समध्ये आहात. आजची साधना एवढीच करू या. आपल्या ऑफिसातल्या सफाईच्या मावशींची, सिक्युरिटीच्या काकांची, पार्सल आणणाऱ्या दादाची एकदा चौकशी करू. त्यांचा ईएसआय कापला जातो का, खरंच भरला जातो का, कार्ड हातात आहे का. नसेल तर बसून बघू. आणि घरात कुणी आजाराने बसलं असेल, तर त्याच्या ताटात वाढताना 'बसून खातोय' हा शब्द मनातही येऊ देऊ नका. त्याच्या पानातलं अन्न हा यज्ञाचाच शेष आहे.

राम कृष्ण हरी.