लग्नगडी की पुत्र?

बोईसरनजीकच्या एका पाड्यावरील आमचे एक बंधू यंदा वीटभट्टीवरून परतल्यापासून उपासनेस येईनासे झाले आहेत. दारूची जुनी सवय पुन्हा जडली, हे कारण सर्वांस ठाऊक आहे. उपदेशक भेटावयास गेले, तेव्हा त्यांनी निरोप दिला, "आधी देवाचे फेडतो, मग देवळात येतो." उपदेशकांनी आम्हांस विचारले, "यास काय उत्तर द्यावे? देवाची प्रीती बिनअट आहे म्हणावे, तर हा दारू सोडील कशास? अट आहे म्हणावे, तर आपण शुभवर्तमान ते कसले सांगितले?"

वाचकहो, प्रथम त्या "फेडतो" या शब्दाकडे पाहू. तो या मुलखाच्या हाडीमांसी खिळलेला आहे. पूर्वी येथील वारली तरुण लग्नासाठी सावकाराचे पैसे घेई आणि त्यापायी तो व त्याची बायको सावकाराकडे राबत. त्यास लग्नगडी म्हणत. हिशेब सावकाराच्या वहीत. तो फिटावा कसा? 1945 साली डहाणू व उंबरगाव तालुक्यांतील वारल्यांनी किसान सभेच्या आधाराने उठाव केला, तेव्हा ती चाल मोडली. गोदावरी परुळेकर त्यांच्या पुढारी होत्या. बाई साम्यवादी, परंतु केलेले सत्कार्य मोकळ्या मनाने मान्य करावे असे आम्हांस वाटते.

चाल गेली, तरी तिचे भय राहिले. आजही कित्येक कुटुंबे पावसाळ्यात उचल घेतात, दिवाळीनंतर भट्टीवर जातात आणि ती फिटेपर्यंत विटा पाडतात. ज्याने काही दिले त्याचे आपण बांधील, हेच ज्यास आयुष्याने शिकविले, त्याने ख्रिस्ताने आपणासाठी प्राण दिला हे ऐकले म्हणजे त्यास ही सर्वांत मोठी उचल वाटते! आणि हा दोष ऐकणाऱ्याचाच आहे काय? "प्रभूने तुम्हांसाठी एवढे केले, तुम्ही त्याला काय दिले?" असे वर्गणीच्या रविवारी आम्हीच कितीदा विचारले आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील धाकटा पुत्र घरी निघताना मनाशी तीन गोष्टी ठरवितो. मी पाप केले. मी पुत्र म्हणविण्यास योग्य नाही. मला मजुरांत ठेवा. घरी पोहोचल्यावर त्याने किती सांगितल्या, हे वाचकांनी स्वतः पडताळून पाहावे. दोनच. तिसरी निघण्यापूर्वीच बापाने झगा आणावयास सांगितले. पाप केल्याचे त्याने ऐकून घेतले, अयोग्यतेचेही ऐकून घेतले. मजुरीच्या बोलण्यास मात्र जागाच राहिली नाही.

मजूर होण्यात एक सोय असते. तो हिशेब चुकता करून मोकळा होतो. पुत्रास तसे मोकळे होता येत नाही. यामुळेच मनुष्यास अटीची प्रीती अधिक सोपी वाटत असावी. थोरला भाऊ घर सोडून कधी गेला नाही, तथापि तोही आपण किती वर्षे राबलो हेच मोजत बसला होता.

मग दारूचे काय? बापाची प्रीती मिळावी म्हणून ती सोडावयाची नव्हे, कारण प्रीती अगोदरच मिळालेली आहे. परंतु ज्यास डुकरांच्या शेंगांवर जगणारा मुलगा पाहून दुःखच होत नाही, तो बाप बिनअट प्रेम करतो असे आम्ही म्हणणार नाही. तो बेपर्वा आहे. शिवाय त्या घरात बायको आहे, तीन लेकरे आहेत. देवाची प्रीती त्यांच्यावरही तितकीच आहे, म्हणून त्यांच्या तोंडचा घास बाटलीत जाताना मंडळीने मुकाट्याने पाहणे हीही प्रीती नव्हे.

मागील आठवड्यात उपदेशकांसह आम्ही त्यांच्या झोपडीत गेलो, भाकरी खाल्ली आणि त्या न बोललेल्या तिसऱ्या गोष्टीविषयी सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे देवाला माझ्याकडून काहीच नको?"

"कर्ज म्हणून काही नको," आम्ही म्हणालो, "मुलगा म्हणून तुम्ही सगळेच्या सगळे हवे आहात."

चुलीपाशी बसलेली त्यांची बायको म्हणाली की, असे असेल तर हे कर्जापेक्षा जड झाले. आम्हांस यावर काही बोलता आले नाही.

रविवारी ते आले नाहीत. उचल घेऊन झालेली आहे. दिवाळी झाली की कुटुंब भट्टीवर जाईल. तोवर दर शनिवारी उपदेशक त्यांच्या घरी जाऊन बसणार आहेत, आणि भट्टी कोठे आहे तेही त्यांनी विचारून ठेविले आहे.